चौघडीबाईंनी लिहिलेला शब्द

ही हकीकत लिहिणारी बाई आणि चौघडीबाई यांची ओळख प्रौढ साक्षरता वर्गातल्या तिसऱ्या बाकावर झाली. लिहिणारीचे वय तेव्हा सदुसष्ट होते आणि चौघडीबाईंचे अठ्ठेचाळीस. त्या वर्षी वर्गाला पाट्या कमी मिळाल्या होत्या, म्हणून दोघींत मिळून एक पाटी होती. एकीने अक्षर काढायचे आणि दुसरीने ते तपासून पुसायचे, असा क्रम होता. ज्या माणसाबरोबर वर्षभर एक पाटी वापरली, त्याचा स्वभाव आपोआप कळतो. चौघडीबाई स्वतःचे चुकलेले अक्षर कधीही हाताने झाकत नसत, आणि दुसरीचे चुकले तर हसत नसत. एवढ्यावरून त्यांच्याविषयी कोणीतरी नीट लिहून ठेवले पाहिजे, असे लिहिणारीला वाटू लागले. यातले काही तिने डोळ्यांनी पाहिले, काही चौघडीबाईंच्या तोंडून ऐकले, आणि उरलेले त्यांच्या सासूबाईंनी सांगितले. सासूबाईंच्या सांगण्यातले तिखटमीठ शक्य तेवढे काढून टाकले आहे.

चौघडी हे अर्थातच खरे नाव नव्हे. गावात एक मोठी लाँड्री आहे. तिथे रुग्णालयाच्या चादरी आणि अभ्रे धुतले जातात. त्या लाँड्रीच्या घडी विभागात बाई एकोणीस वर्षे कामाला होत्या. चादर एकेरी असो वा दुहेरी, नवी असो वा धुऊन धुऊन विरलेली, त्यांच्या हातून तिची घडी अशी बसे की चारही कोपरे एकावर एक येत आणि वरून पाहणाऱ्याला एकच कोपरा दिसे. यावरून त्यांना हे नाव पडले आणि पुढे हजेरीवरच्या नावापेक्षा तेच जास्त चालू लागले.

चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते. समोरासमोर उभे राहायचे, दोन दोन कोपरे धरायचे, झटका द्यायचा, जवळ यायचे, कोपऱ्याला कोपरा द्यायचा. बाहेरच्या माणसाला यात काय ते शिकायचे, असे वाटते. परंतु त्यात एक गोष्ट आहे आणि ती चौघडीबाई प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगत. "समोरचीच्या हाताकडे बघायचं नाही. डोळ्यांकडे बघायचं. हाताकडे बघितलंस की चादर तिरकी गेलीच म्हणून समज."

या नोकरीखेरीज त्यांचे आणखी एक काम होते आणि त्याला पगार नव्हता. त्यांच्या गावात सरकारी अग्निशमन दल नाही. सर्वांत जवळचे दल यायला पाऊण तास लागतो आणि आग काही पाऊण तास थांबत नाही. म्हणून गावकऱ्यांनी स्वयंसेवकांचे पथक केले आहे. आग लागली, भिंत पडली, कोणी अडकले, तर चावडीवरचा भोंगा तीन वेळा तुटक वाजतो, आणि पथकातली माणसे हातातले काम टाकून धावतात. पथकात पोस्टमन आहे, चित्रकलेचे मास्तर आहेत, सुतार आहे. पथकप्रमुख मात्र घड्याळजी. त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली चाळीस घड्याळे चाळीस निरनिराळ्या वेळा दाखवत असतात, परंतु पथकाच्या वहीत मिनिटाचीही चूक सापडायची नाही.

चौघडीबाई या पथकात अकरा वर्षांपूर्वी दाखल झाल्या. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "शेजारचं घर जळत होतं. माझ्या हातात भरलेली बादली होती आणि ती कुठे ओतायची तेच मला कळेना. नुसती धरून उभी राहिले. पाणी सांडलं माझ्याच पायावर. त्याची फार लाज वाटली हो. दुसऱ्या दिवशी घड्याळजींकडे गेले आणि म्हटलं, मला शिकवा."

अकरा वर्षांत त्या किती वेळा कामावर उशिरा पोचल्या, याची नोंद पथकाच्या वहीत आहे. एकूण चौदा वेळा. उशीर झाला की लाँड्रीच्या दारात हजेरी कारकुनाकडे एक चिठ्ठी भरावी लागे. दिनांक, किती उशीर, कारण, सही, असे चार रकाने. बाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून कारकून स्वतःच कारणापुढे "पथक" असे लिही आणि बाई अंगठा उठवत. जुने मॅनेजर चिठ्ठी पाहत, मान हलवत आणि तारेला टोचून ठेवत. अशा माणसांच्या नोकरीला संरक्षण देणारा कायदा आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक होते की नाही कोण जाणे. कायद्याची प्रत घड्याळजींच्या कपाटात होती आणि ती बाहेर काढण्याची गरज कोणाला पडली नव्हती.

त्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. जुने मॅनेजर निवृत्त होऊन नवे आले, आणि चौघडीबाई लिहायला शिकल्या.

नवे मॅनेजर वयाने लहान होते, पण माणूस वाईट नव्हता. रुग्णालयाला सकाळी अकराच्या आत स्वच्छ चादरी पोचल्याच पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता आणि तो योग्यच होता. त्यांनी आल्या आल्या फलक लावला. दोन तासांहून अधिक उशीर, आणि तो स्वतःच्या मर्जीने केलेला असेल, तर हजेरीवरचे नाव कमी करण्यात येईल.

ज्या दिवशी हे सारे घडले, त्या दिवशी चौघडीबाई सकाळी पावणेआठला कामाला निघाल्या होत्या. लाँड्री आठला उघडते. त्या कोपऱ्यावरच्या पाणपोईपाशी पोचल्या आणि भोंगा तीनदा तुटक वाजला. बाई उभ्या जागी वळल्या. गादीवाल्याच्या दुकानाला आग लागली होती. कापूस, काथ्या आणि जुन्या कापडाचे गठ्ठे पेटले होते. ज्वाळा फार नव्हत्या, पण धूर असा की माणसाला स्वतःचा हात दिसेना. दुकानाच्या वर दोन मजले होते. खालच्या मजल्यावरची माणसे खोकत खोकत स्वतःच उतरली. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिंपी होते. त्यांचे पोटाचे ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते आणि त्यांना उठून बसण्याचीही मनाई होती.

स्ट्रेचर त्या जिन्याला वळेना. जिना अरुंद होता आणि मध्यावर काटकोनात वळला होता. पोस्टमन म्हणाला, "पाठीवर घेतो मी."

"पाठीवर घेतलंत तर त्यांचं पोट दाबलं जाईल," चौघडीबाई म्हणाल्या. त्यांनी पलंगावरचीच दुहेरी चादर भिजवली, शिंप्यांच्या अंगाखाली सरकवली, चारही कोपरे आत गुंडाळून त्यांच्या मुठी केल्या. दोन मुठी पोस्टमनच्या हातात दिल्या, दोन स्वतः धरल्या. "माझ्या डोळ्यांकडे बघा. पायऱ्यांकडे बघू नका. पायऱ्या मी मोजते."

धुरातून जाताना शिंपी म्हणाले, "बाई, सावकाश हं. जन्मभर मी लोकांना टाके घातले, परवा डॉक्टरांनी मला घातले. उसवू नका."

"आजोबा, माझ्या हातून एकोणीस वर्षांत एक चादर तिरकी गेली नाही. तुम्ही तर एकच आहात," बाई म्हणाल्या, आणि अठ्ठावीस पायऱ्या मोजून त्यांना रस्त्यावर आणले. एकही टाका उसवला नाही. हे नंतर डॉक्टरांनी स्वतः सांगितले.

आग पूर्ण विझेपर्यंत, भिजलेल्या कापसाचे गठ्ठे ओढून उलगडून पुन्हा भिजवेपर्यंत बाई तिथेच होत्या. कापसाची आग वरून विझते आणि आतून धुमसत राहते, हे ज्यांना ठाऊक आहे ते लवकर घरी जात नाहीत. घड्याळजींनी वहीत सर्वांची वेळ लिहिली. बाईंच्या नावापुढे दहा वाजून पाच मिनिटे असे आहे.

लाँड्रीच्या दारात पोचायला सव्वादहा झाले. तोंड काळे, केसांत कापूस, अंगाला धुराचा वास. आत सगळीकडे पांढऱ्या चादरी. मुकादमीण ओरडली, "अगं बया! तशीच आत येऊ नकोस, आधी कोपरापर्यंत हात धू! भुतासारखी दिसतेस."

"धुते, धुते. आधी चिठ्ठी तर भरू दे."

हजेरी कारकुनाने पेन उचलले. "या ताई. नेहमीसारखं पथक ना? लिहितो मी."

"नको भाऊ. आज मी लिहिते."

"तुम्ही?"

"का? वर्गाला जाते ना मी सात महिने झाले."

"लिहा की मग. पण जरा पटकन. मागे ट्रक लागलाय, मला पावती करायचीय."

चौघडीबाईंनी दिनांक लिहिला. उशीर, दोन तास पंधरा मिनिटे, असे लिहिले. कारणापाशी त्यांचा हात थांबला. त्यांच्या मनात "स्वयंसेवक" हा शब्द होता. परंतु त्याच शब्दाने वर्गात त्यांना छळले होते. त्यातला अनुस्वार य-वर द्यायचा की व-वर, हे त्यांच्या ध्यानात राहत नसे, आणि दर वेळी लिहिणारीला ते पुसावे लागे. कारकुनासमोर, लिहून दाखवण्याच्या पहिल्याच दिवशी, चुकीचे लिहिणे त्यांना नको होते. त्याच धड्यात, त्याच ओळीत दुसरा एक शब्द होता. त्यातले "च्छ" हे जोडाक्षर बाईंनी पाटीवर वीस वेळा घोटले होते आणि वर्गाच्या बाईंनी त्यावर चांगला शेराही दिला होता. शिवाय अर्थही तोच, असे त्यांना वाटले. जो कोणाच्या बळजबरीशिवाय, पगाराशिवाय जातो, तो स्वयंसेवक. मग कारण काय? चौघडीबाईंनी सावकाश, एकही अक्षर न चुकवता लिहिले: स्वेच्छेने. आणि खाली सही केली. अकरा वर्षांत प्रथमच अंगठा उठवला नाही.

कारकुनाने न वाचता चिठ्ठी तारेला टोचली आणि तो ट्रककडे धावला. चौघडीबाई हात धुवायला गेल्या. त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला होता की अभ्र्यांच्या ढिगापाशी उभ्या राहून त्या गुणगुणत होत्या, असे मुकादमीण सांगते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी बोलावले. टेबलावर चिठ्ठी होती.

"बसा. ही तुमचीच सही?"

"हो साहेब." बाईंना वाटले, अक्षराचे कौतुक करायला बोलावले आहे.

"स्वेच्छेने म्हणजे स्वतःच्या मर्जीने. बरोबर?"

"बरोबर."

"आणि दोन तास पंधरा मिनिटं. फलक वाचला होता तुम्ही?"

"साहेब, मी पथकात होते. गादीवाल्याच्या दुकानाला आग..."

"पथक असं कुठे लिहिलंय यात? मला अकरा वाजता रुग्णालयातून फोन आला, की चाळीस चादरी कमी आहेत. चाळीस पेशंट उघड्या गाद्यांवर होते. तेही आजारीच आहेत ना? तिथेही कोणाची तरी आईच असेल." त्यांनी चिठ्ठी बाईंपुढे सरकवली. "तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, याचा मला आदर आहे. पण तुमच्या हातानंच तुम्ही मर्जीनं गेलो असं लिहून दिलंय. आता मी काय करू?"

त्यांनी एक पत्र दिले. आपण स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य केल्याप्रमाणे स्वेच्छेने कामावर उशिरा आलात, सबब आपले नाव हजेरीवरून कमी करण्यात येत आहे. बाईंनी ते पत्र तिथेच उभे राहून वाचले. आयुष्यात त्यांच्या नावाने आलेले आणि त्यांनी स्वतः वाचलेले ते पहिले पत्र.

घरी त्यांचे यजमान गवंडीकाम करतात. ते म्हणाले, "पडली तर पडली. भिंत पुन्हा बांधता येते." एवढेच बोलून ते हातपाय धुवायला गेले. सासूबाईंना मात्र एवढ्यावर राहवले नाही.

"दुसऱ्यांच्या आगी विझवता विझवता आपलीच चूल विझवून आलीस ना? आणि काय म्हणे लिहिलंस? स्वेच्छेने! एवढा लांबलचक शब्द. आग लिहायचं होतंस. दोन अक्षरं. एक काना, झालं!"

"आई, आग हे गादीवाल्याचं कारण होतं. माझं कारण मी लिहिलं."

"हो का? मग आता खा ते कारण."

यानंतर चौघडीबाई वर्गाला आल्या नाहीत. चार दिवस गेले, आठवडा गेला. तिसऱ्या बाकावर पूर्ण पाटी एकट्या लिहिणारीला मिळू लागली आणि तिला ती मोठी वाटू लागली. अखेर वर्गाच्या बाई आणि लिहिणारी अशा दोघी त्यांच्या घरी गेल्या.

चौघडीबाई घरातल्याच जुन्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसल्या होत्या. त्या उठल्या, पाणी दिले, आणि वर्गाच्या बाईंना म्हणाल्या, "राग मानू नका बाई. पण अंगठा होता तोवर नोकरी होती. अक्षर आलं आणि नोकरी गेली."

वर्गाच्या बाई तीस वर्षे शिकवत होत्या, परंतु असे त्यांना पहिल्यांदाच कोणी म्हटले होते. सासूबाई कडेला शेंगा सोलत होत्या.

तेवढ्यात घड्याळजी आले. त्यांच्या हातात जुनी, कडा पिवळ्या पडलेली पुस्तिका होती. आपत्कालीन सेवेतील स्वयंसेवकांच्या नोकरीचे संरक्षण, असे तिच्यावर छापले होते. ते चपला काढता काढता म्हणाले, "चौघडी, चूक माझी आहे. हे कपाटातून पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं. हाकेवर गेलेल्या माणसाला कामावरून काढता येत नाही. गेलेल्या तासांचा पगार कापता येतो, नोकरी काढता येत नाही. मालकाला आधी नाव कळवलेलं पाहिजे, ते आपण अकरा वर्षांपूर्वी कळवलंय. सात दिवसांत प्रमुखाचा दाखला पाहिजे, तो मी तिसऱ्या दिवशी पाठवलाय. पण मॅनेजर म्हणतात, दाखला तुमचा, पण हस्ताक्षर तिचं. बस, वाचून दाखवतो."

चौघडीबाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

"अवघड आहे ग. कायद्याची भाषा आहे ही."

"माझी नोकरी गेली ती माझ्या अक्षरानं. परत यायची तर तीही माझ्या वाचण्यानंच येऊ दे. द्या."

पुस्तिका अकरा पानांची होती. ती वाचायला त्यांना चार दिवस लागले. ओळ सुटू नये म्हणून त्या खाली फूटपट्टी धरत आणि बोट फिरवत. सासूबाई शेजारी बसून होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात काय पुटपुटतेस? मोठ्यानं वाच. मलाही कळू दे, कोणाच्या जिवावर अकरा वर्षं हिंडत होतीस." मग बाई मोठ्याने वाचू लागल्या आणि सासूबाई प्रत्येक कलमानंतर "पुढे?" म्हणू लागल्या. अडलेले शब्द बाई एका कागदावर काढून ठेवत आणि संध्याकाळी ते लिहिणारीकडे येत. लिहिणारीलाही ते येत नसत. मग दोघी वर्गाच्या बाईंकडे जात. हे येथे मुद्दाम नमूद केले आहे, कारण आपल्याला येत नाही हे सांगायला चौघडीबाईंना त्या चार दिवसांत एकदाही लाज वाटली नाही.

चौथ्या दिवशी, सगळे संपल्यावर, त्यांनी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून धरली. दुसऱ्या कलमावर त्यांचे बोट थांबले. चार दिवसांपूर्वी त्यांनी ती ओळ वाचली होती, पण तेव्हा अक्षरे लावण्यातच जीव गेला होता. आता अर्थ लागला.

"आई," त्या म्हणाल्या, "माझा शब्द इथे आहे."

बाईंनी कामगार कार्यालयात अर्ज केला आणि तिथे सुनावणी लागली. लांबट खोली, एका बाजूला फायलींनी वाकलेली फळी, दुसऱ्या बाजूला दोन बाके. अधिकाऱ्यांना सर्दी झालेली होती आणि ते दर दोन वाक्यांनी रुमाल शोधत. एका बाकावर मॅनेजर, दुसऱ्यावर चौघडीबाई, घड्याळजी, वर्गाच्या बाई आणि लिहिणारी. सासूबाई कडेला बसल्या होत्या. त्यांना कोणी चला म्हटले नव्हते. त्या सकाळी चपला घालून दारात उभ्या राहिल्या, इतकेच.

मॅनेजरांनी आपली बाजू नीट मांडली. चाळीस चादरींची गोष्ट सांगितली. मग चिठ्ठी दाखवली. "साहेब, भोंग्याच्या हाकेवर गेलेल्याला संरक्षण आहे, हे मला मान्य आहे. पण यांनी हाक असं लिहिलेलं नाही. स्वेच्छेने असं लिहिलंय. एकाची मर्जी मी चालवून घेतली, तर उद्या सगळेच मर्जी लिहितील."

अधिकाऱ्यांनी चिठ्ठी पाहिली. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "बाई, हा शब्द तुम्हीच लिहिलात? समजून लिहिलात?"

"समजून लिहिला साहेब. आणि तो बरोबर आहे. कायद्यातही तोच आहे. वाचू का?"

"आमचे कारकून वाचतील."

"नको. मी वाचते."

त्या उभ्या राहिल्या. पुस्तिका हातात, फूटपट्टी ओळीखाली. "कलम दोन. या का-यद्या-च्या प्रयोजना-र्थ," त्या वाचू लागल्या, "स्वयंसेवक म्हणजे अशी कोणतीही व्यक्ती, की जिने, स्वेच्छेने..." इथे त्या थांबल्या नाहीत, पण आवाज मोठा झाला. "स्वेच्छेने आणि विना-मो... विना-मोब..."

"विनामोबदला," अधिकारी म्हणाले.

"साहेब, मध्ये बोलू नका," सासूबाई कडेने म्हणाल्या. "तिची ओळ चुकते."

अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला. चौघडीबाईंनी पुन्हा सुरुवातीपासून वाचले, आणि या वेळी विनामोबदला हा शब्द न अडता गेला. "...स्वेच्छेने आणि विनामोबदला, आपत्कालीन सेवेसाठी आपले नाव नोंदविले आहे. पूर्णविराम." पूर्णविरामही त्यांनी वाचला, कारण वर्गात तसे वाचायला शिकवले होते.

मग त्यांनी पुस्तिका मिटली. "साहेब, नाव नोंदवलं ते माझ्या इच्छेनं. मला कोणी ओढून नेलं नाही. पण एकदा नाव दिल्यावर, भोंगा झाला की माझी इच्छा कोण विचारतं? त्या दिवशी मला कामावरच जायचं होतं. मॅनेजर साहेब म्हणतात ते खरं आहे, चाळीस जण उघड्या गाद्यांवर झोपले, त्याचं मला वाईट वाटतं. पण वरच्या मजल्यावरच्या शिंप्यांना अकरापर्यंत थांबता आलं नसतं."

अधिकाऱ्यांनी पुस्तिका मागून घेतली आणि कलम स्वतः पाहिले. मग चिठ्ठी पाहिली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. "मॅनेजर," ते म्हणाले, "ज्या शब्दावरून तुम्ही यांना काढलंत, त्याच शब्दामुळे कायदा यांना ठेवतो. यांनी कारण चुकीचं लिहिलेलं नाही. तुम्ही अर्धं वाचलंत."

मॅनेजरांनी पुस्तिका आपल्याकडे ओढून ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "माझी हरकत नाही. चादरींसाठी मी बदली माणूस तयार ठेवीन. तेही आधीच करायला हवं होतं."

नोकरी परत मिळाली, आणि मधले दिवस नोकरीतला खंड धरू नयेत असेही लिहून मिळाले. बाहेर पडताना सासूबाई सुनेच्या मागून चालत होत्या. जिन्याशी त्यांनी लिहिणारीच्या हाताला धरले आणि हळूच विचारले, "मला वर्गात घेतील का हो या वयात?" लिहिणारीने स्वतःचे वय सांगितले. यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही पोरसवदाच आहात." सासूबाई आता पहिल्या बाकावर बसतात आणि दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने सांगतात.

लाँड्रीतल्या चिठ्ठीवर आता कारणाच्या रकान्यात एक ओळ छापलेली असते: स्वयंसेवक पथकाच्या हाकेवर. ज्याचे असेल त्याने तिथे खूण करायची. अनुस्वार य-वर आहे. चौघडीबाईंनी पहिल्या दिवशीच बोट ठेवून पाहिला.

त्या कामावर परत गेल्या त्या सकाळी सगळ्या बायका जमल्या. मुकादमीण म्हणाली, "आल्या बघा, वकिलीणबाई!" मॅनेजर स्वतः आले आणि त्यांना आतल्या मोठ्या दालनात घेऊन गेले. तिथे घड्या घालणारे नवे मशीन बसवले होते. चादर एका बाजूने सोडायची, दुसऱ्या बाजूने घडी होऊन येते. बसायला पाठ असलेली खुर्ची, डोक्यावर पंखा, वजन उचलणे नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर आणि झाल्या मनस्तापानंतर बाईंना एवढे तरी सुख द्यावे, असे त्यांना मनापासून वाटले होते. त्या मशीनवर बसायला मिळावे म्हणून बाकीच्या बायकांचे अर्ज पडून होते.

चौघडीबाई त्या खुर्चीवर दुपारपर्यंत बसल्या. काम उत्तम झाले. मग जेवणाच्या सुट्टीत त्या मॅनेजरांच्या खोलीशी गेल्या, दारावर टकटक केली, आणि आत जाऊन म्हणाल्या, "साहेब, खुर्ची चांगली आहे, पंखाही चांगला आहे. पण मला पुन्हा बाहेरच्या बाजूला, दाराजवळ उभ्यानं काम द्या. आत मशीनच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही."